रऊफभाईच्या गॅरेजातला येता-जाता करंट

पंक्चर झालं तर त्याचा किस्सा होत नाही. चेन तुटली, क्लचची केबल गेली, तरी नाही. जे तुटलं ते दिसतं, आपण बदलतो, विषय संपला. किस्से होतात ते वायरिंगचे! त्यातही जे बिघाड आता आहेत आणि आता नाहीत, त्यांचे. गाडी भर रस्त्यात बंद पडते, तुम्ही घामाघूम होऊन ती ढकलत गॅरेजात आणता, मेकॅनिक एक किक मारतो आणि ती धडधडत सुरू! मग गाडी खरी आणि तुम्ही खोटे. असं चार-सहा वेळा झालं की बिघाड सापडो न सापडो, किस्सा मात्र पक्का झालेला असतो.

आमच्याकडे असे पुष्कळ साठलेत. आमच्याकडे म्हणजे इंदूरच्या राजवाड्यामागच्या एका गल्लीत, रऊफभाईच्या गॅरेजात. रऊफभाई साठीचा, हाताने इंजिन ऐकणारा माणूस. खरंच, टाकीवर तळवा ठेवून सांगतो कुठे काय वाजतंय. पण वायरिंगला हात लावायचा म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. म्हणून रविवारी मी जातो. मी गौतम, जवळच्या महू छावणीतला, आजोबा पलटणीत होते. नोकरी एका कारखान्यात, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. आठवडाभर मोठाली पॅनेलं बघतो आणि सुट्टीच्या दिवशी माझ्यापेक्षा वयाने मोठ्या मोटरसायकलींच्या वायरी.

आधीच सांगतो, माझा स्वभाव घोर लावून घेण्याचा आहे. इंजिनवाल्याला काम झालं की कळतं. वायरिंगवाल्याला कधीच कळत नाही. गाडी चालू झाली, म्हणजे दुरुस्त झाली की फक्त गप्प बसली?

* * *

पहिला किस्सा भाऊसाहेबांचा. तहसील कचेरीतून रिटायर झालेले, पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते. त्यामुळे भाऊसाहेब गाडीवर बसत नाहीत, स्वार होतात! गाडी त्यांच्या वडिलांची, साडेतीनशे सीसीची.

ती रोज एकाच जागी बंद पडायची. घराच्या गल्लीच्या तोंडाशी. आमच्याकडची ठरलेली फेरी नीट मारून यायची आणि घर पन्नास पावलांवर आलं की फट्ट! मागून रिक्षा, स्कूटर, सगळे हॉर्न मारतायत आणि सत्तरीचे भाऊसाहेब रस्त्याच्या मधोमध किक मारतायत. एकदा एका लोडिंग रिक्षाने त्यांना अगदी घासून ब्रेक मारला. त्या दिवशी ते आमच्याकडे गाडी ढकलत, पायी आले. आम्ही पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, खजरान्याच्या गणपतीला नारळ वाहिला. हँडलला लिंबू-मिरची बांधली. इकडे मी कॉइल तपासली, पॉइंट तपासले, बॅटरीची टोकं घासली. सगळं ठीक. गाडी पुन्हा गल्लीच्या तोंडाशी बंद!

शेवटी एका रविवारी मी स्कूटरवरून त्यांच्या मागे मागे गेलो. एक वळण, दुसरं, तिसरं, चौथं. बंद पडली तशी माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. एकेरी रस्त्यांमुळे त्यांच्या रोजच्या फेरीत सगळी वळणं उजवीकडची. फक्त शेवटचं डावीकडे!

परत आणून गाडी स्टँडला लावली, चालू केली आणि हँडल हळूहळू डावीकडे फिरवलं. फट्ट! हँडलच्या मानेपाशी एक वायर आतून तुटली होती. वरचं प्लास्टिक शाबूत, म्हणून दिसत नव्हती. डावीकडे वळलं की ताणली जायची आणि करंट गायब.

भाऊसाहेबांनी हँडल स्वतः एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे मी फक्त उजवीकडे वळत राहिलो असतो, तर गाडी कधीच बंद पडली नसती?"

रऊफभाई छान मराठी बोलतो, पण ऐन मोक्याला हिंदीत शिरतो. तो म्हणाला, "बिल्कुल नहीं पड़ती साहब. लेकिन घर कब पहुँचते?"

* * *

नंदाताईंचा किस्सा सांगताना मला अजूनही थोडं कसंतरी होतं.

नंदाताई सांवेरच्या एका कॉलेजात शिकवतात. यजमान गेले, त्यांची जुनी मोटरसायकल पडून होती. सगळे म्हणाले विकून टाका. ताईंनी साडीऐवजी सलवार-कमीज घातली, गाडी शिकल्या आणि रोज इंदूर-सांवेर सुरू केलं. त्या रस्त्यावर बसगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, सोयाबीनचे ट्रक. आणि ताईंची गाडी त्या रस्त्यावर चालता चालता मरायची. खोकत नाही, आचके देत नाही. एकदम शांत!

"गौतमभाऊ, मागे ट्रक असतो आणि माझ्या खालचा आवाजच जातो. मग त्याचाच हॉर्न ऐकू येतो हो," त्या म्हणायच्या.

चार वेळा त्या टेम्पोत घालून गाडी घेऊन आल्या. चारही वेळा रऊफभाईने पहिल्या किकेत चालू केली. चौथ्यांदा तो म्हणाला, "ताई, गाडी मला घाबरते."

"मग उद्यापासून रोज माझ्या मागे बसून सांवेरला चला!"

मी विचारलं, "निघाल्यापासून किती वेळाने बंद पडते?" ताई शिक्षिका. त्यांनी वहीच काढली. वीस मिनिटं, बावीस, एकोणीस, एकवीस. आणि परत कधी चालू होते? अर्ध्या-पाऊण तासाने. म्हणजे गरम झालं की जातंय आणि थंड झालं की येतंय. टेम्पोत येईपर्यंत गाडी गार!

पण गल्लीत वीस मिनिटं गाडी पळवायची कुठे? म्हटलं, गरमच करायचं ना? ताईंनी घरून मुलीचा केस वाळवायचा ड्रायर आणला. मी इंजिन चालू ठेवून ठिणगी देणाऱ्या कॉइलवर गरम हवा सोडली. शेजारचा चहावाला, समोरचे बर्तनवाले, सगळे गोळा. कुणीतरी इंदुरी थाटात म्हणालं, "भिया, गाडी का पार्लर खुल गया क्या?" आठव्या मिनिटाला गाडी मेली. एकदम शांत! मी आनंदाने ओरडलो. असा प्रकार फक्त आमच्या धंद्यात. बिघाड झाला की टाळ्या!

कॉइल बदलली. पण माझा घोर गेला नाही. कॉइलच होती ना? की आणखी काही? मी ताईंना म्हणालो, "महिनाभर पोचल्यावर मला एक मिस्ड कॉल द्या." त्या द्यायच्या, साडेआठला, न चुकता.

अकराव्या दिवशी आला नाही. पावणेनऊ झाले, नऊ झाले. मी फोन लावला, बंद. सव्वानऊला फोरमनला पोटात दुखतंय सांगितलं.  रऊफभाईला मागे घेतलं आणि सांवेर रस्त्याला लागलो. वाटेत जिथे जिथे गर्दी दिसली तिथे तिथे माझा हात ब्रेकवर. एका पुलापाशी ट्रक आडवा होता, लोक वाकून बघत होते. मी उतरलोच नाही. रऊफभाई गेला, बघून आला. "टायर बदल रहा है," एवढंच म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

कॉलेजात पोचलो तर गाडी झाडाखाली उभी, चकचकीत. परीक्षा होती, ताई वर्गात देखरेखीला आणि सगळ्यांचे फोन ऑफिसात जमा! शिपायाने ताईंना बाहेर बोलावलं. आम्हा दोघांना बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं? घरी काही...?"

"नाही नाही ताई," मी म्हणालो, "गाडी कशी चाललीये, विचारायला आलो."

एवढंच विचारायला तीस किलोमीटर!

* * *

हा अगदी छोटा. आणि माझ्या इज्जतीचा आहे, म्हणून पटकन सांगतो.

एका गाडीत करंट कधी दिसायचा, कधी नाही. मीटर लावला, बारा व्होल्ट. पुन्हा लावला, शून्य. पुन्हा बारा. मी तीन रविवार त्या गाडीचं सगळं वायरिंग उकललं. हेडलाइटपासून टेललाइटपर्यंत नवीन वायर ओढली. तरी बारा, शून्य, बारा! तिसऱ्या रविवारी मला गाडीपेक्षा स्वतःवरच संशय यायला लागला. डोळे गेले का? डोकं गेलं का?

रऊफभाई चहा पीत बघत होता. त्याने माझ्या हातातली मीटरची लाल वायर घेतली, दोन बोटांत वाकवली. शून्य. सरळ केली. बारा. आतून तुटलेली वायर माझ्याच मीटरची होती!

वायर माझ्या हातात परत देत तो म्हणाला, "पहले डॉक्टर को दिखाओ भिया, फिर मरीज को."

* * *

माझी स्वतःची गाडी काय कमी आहे? ती एकट्या माझ्यासाठी उत्तम चालायची. सुजाता, म्हणजे बायको, मागे बसली की कधी कधी बंद. नेहमी नाही, कधी कधी. आता हे बायकोला कसं सांगायचं? मी दोन महिने सांगितलंच नाही. "पेट्रोलमध्ये कचरा आहे," "गर्मी फार आहे," असं काहीबाही.

मग एका दुपारी महूहून फोन आला. सासूबाईंना चक्कर आली, पडल्या, बोलत नाहीयेत. सुजाता चप्पल घालायचीही विसरली. आम्ही निघालो. आणि अर्ध्या रस्त्यात एका गतिरोधकावर गाडी गेली! फ्यूज उडालेला. बदलला, निघालो. पुढच्या खड्ड्यात पुन्हा. माझ्याकडे दोनच फ्यूज होते, दुसराही टाकला. हा गेला तर तिसरा नव्हता, म्हणून बसला हात केले, पण एकही थांबेना. सुजाता रस्त्याच्या कडेला अनवाणी उभी, रडत नव्हती, नुसती महूच्या दिशेने बघत होती. मला वाटलं, आज हिची आई गेली तर ही गाडी मला आयुष्यभर पुरेल.

आणि तोंडातून निघून गेलं, "तू बसलीस की बंद पडते ही!"

ती वळली. दोन सेकंद बघत राहिली. म्हणाली, "उतरा. मी चालवते. तुम्ही मागे बसा."

तिला चालवता येते, मीच शिकवली होती. मी मागे बसलो. दहा पावलांत फ्यूज गेला!

त्या क्षणी मला कळलं. मागच्या सीटखालून टेललाइटची वायर जाते. सीटचा पत्रा तिच्यावर चेपला जात होता, वजन पडलं आणि धक्का बसला की शॉर्ट. मी सीट उचलली, वायरीला रुमाल गुंडाळला, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाने फ्यूज जोडला. असं कधीही करू नये. मी केलं. महूपर्यंत सुजातानेच चालवली आणि मी मागे श्वास रोखून बसलो, जसा काही श्वास रोखल्याने वजन कमी होतं.

पोचलो तर सासूबाई पलंगावर उठून बसल्या होत्या. साखर कमी झाली होती, बस. हातात शिऱ्याची वाटी. लेकीला पुढे आणि जावयाला मागे बसून येताना त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं.

म्हणाल्या, "बरं झालं पडले मी. एवढं तरी बघायला मिळालं!"

* * *

भाऊसाहेबांच्या हॉर्नचं मी कुणाला सांगणार नव्हतो, पण तेच स्वतः सांगत सुटलेत, मग माझी काय चूक?

त्यांच्या कचेरीतले जुने साहेब वारले. इंदूरला तिसऱ्या दिवशी उठावना असतो, तासाभराची शोकाची बैठक. शंभर-दीडशे माणसं पांढऱ्या कपड्यांत, सगळे खाली मान घालून बसलेले. भाऊसाहेबांनी गाडी बाहेर भिंतीला लावली, आत येऊन बसले. दोन मिनिटं मौन जाहीर झालं.

आणि बाहेर हॉर्न सुरू झाला. थांबेचना! पोंऽऽऽ!

भाऊसाहेब सांगतात, पहिली पाच सेकंद त्यांनीही बाकीच्यांसारखी कपाळाला आठी घातली, कोण हा मूर्ख म्हणून. मग त्यांनी आवाज ओळखला. अंगाला घाम फुटला. उठावं तर मौन मोडतं, न उठावं तर मौन राहिलेलंच नाही. शेवटी वाकून वाकून बाहेर गेले. चावी खिशात, स्विच बंद, तरी पोंऽऽऽ! कुणीतरी कधीकाळी हॉर्न सरळ बॅटरीवरून जोडला होता आणि बटणाची वायर हेडलाइटच्या कडेला घासून घासून उघडी पडली होती. बॅटरीची वायर सुटेना. त्यांनी एका हाताने हॉर्नचं तोंड दाबून धरलं आणि दुसऱ्याने मला फोन लावला. मला फोनवर फक्त पोंऽऽऽ ऐकू आलं. मला वाटलं, ॲक्सिडेंट झाला!  मी नुसता ओरडत होतो, "भाऊसाहेब, बोला! बोला!"

शेवटी त्यांनी वायर उपटली. आवाज थांबला. आत जाण्याची हिंमत नव्हती, पण न भेटता जाणं त्यांच्या रक्तात नाही. हात जोडून साहेबांच्या पत्नीपुढे उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, क्षमा करा. माझीच गाडी."

त्या बाईंनी तीन दिवसांत पहिल्यांदा मान वर केली म्हणे.

"असू दे हो. यांनाही घरी आल्यावर असाच हॉर्न धरून ठेवायची सवय होती. मी दार उघडेपर्यंत सोडायचे नाहीत."

* * *

आता शेवटचा. रऊफभाईच्या छातीत सध्या पेसमेकर आहे आणि तो ठणठणीत आहे, म्हणून हा सांगता येतो.

त्याला मधेच काहीतरी व्हायचं. पाना हातात असायचा आणि तो दोन-चार सेकंद कुठेच नसायचा. मग डोळे मिटून उघडायचा आणि काम पुढे सुरू. आम्ही विचारलं की म्हणायचा, "कुछ नहीं, जरा अंधेरा आया." एकदा तो घरी नमाजला उठताना पडला तेव्हा त्याच्या बायकोने, आमच्या भाभीने, आम्हाला बोलावलं. दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, नॉर्मल. आठ दिवसांनी पुन्हा, नॉर्मल. तिसऱ्यांदाही नॉर्मल. भाभी दर वेळी रिपोर्ट ऐकून हसायची आणि रिक्षात बसल्यावर पदराने डोळे पुसायची. मी कागदाकडे बघत बसायचो. नॉर्मल या शब्दाची मला तेव्हा जेवढी भीती वाटली तेवढी कधी वाटली नाही.

मग हृदयाच्या डॉक्टर मॅडमनी चोवीस तासांचं मशीन लावलं. छातीवर पाच वायरी, कमरेला छोटी डबी. म्हणाल्या, "रोज करता ते सगळं करा. आणि किती वाजता काय केलं, ते या कागदावर लिहा."

रऊफभाईचे हात ग्रीसचे, म्हणून लिहायला मी बसलो. रजा काढून, स्टुलावर, अख्खा दिवस. दहा वीस, चहा. दहा पन्नास, नंदाताईंच्या गाडीला सहा किका. अकरा चाळीस, स्पेअर पार्टवाल्याशी भांडण, मोठ्याने. एक वाजता जेवण. दोन पंचवीस, इंजिन एकट्याने उचललं, मी नको म्हणत असताना. दर वेळी लिहिताना मी घड्याळ बघायचो आणि मग त्याच्या छातीकडे बघायचो. तो वैतागला. "लड़की देखने आया है क्या?"

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या समोर आम्ही तिघं. मॅडम स्क्रीनवर पट्टी पुढे पुढे सरकवत होत्या. किका मारताना ठीक. भांडताना ठीक. इंजिन उचलताना तर एकदम ठीक! भाभीने माझ्या बाहीचं टोक धरून ठेवलं होतं.

मग मॅडमचा हात थांबला.

"हे बघा. काल दुपारी चार वाजून दहा मिनिटं. इथे हृदय चार सेकंद थांबलंय."

 भाभीच्या हातातली बाही सुटली.

"सापडलं, ही चांगली गोष्ट आहे," मॅडम म्हणाल्या. "आता इलाज करता येईल, पेसमेकर बसवू. पण मला सांगा, चार दहाला काय झालं होतं? काही जड उचललं? कुणी रागावलं? घाबरवलं?"

मी कागद उलटला. माझंच अक्षर होतं. तेव्हा मी लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेलो होतो. रऊफभाईने त्या वेळी सीटवर हात टेकून मान खाली घातली होती आणि मला वाटलं होतं, लाजला.

मॅडमनी कागद माझ्या हातातून घेतला आणि मोठ्याने वाचला. "चार दहा. भाऊसाहेब गाडी बघून म्हणाले, 'रऊफ, काम उत्तम झालंय.'"

मॅडमनी चष्मा काढला. "हे भाऊसाहेब कोण?"

रऊफभाईने ग्रीससकट दोन्ही हात जोडले.

"मॅडम, उनको मत बताना. बीस साल में पहली बार बोले हैं. पता चला तो फिर कभी नहीं बोलेंगे!"